जिवतीच्या कागदामागची भिंत

श्रावणातला शुक्रवार होता. घरमालकीणबाईंनी दुधाचा पेला हातात घेतला, तोंडापर्यंत नेला, आणि तसाच खाली ठेवला. फरशीवर आवाज झाला.

आमच्या खोलीत पाच सवाष्णी बसल्या होत्या. माझ्या बायकोनं सकाळपासून दूध आटवलं होतं, वाटीवाटीनं फुटाणे मांडले होते. भिंतीवर मैद्याच्या खळीनं चिकटवलेला जिवतीचा कागद, त्याला आघाडा-दुर्वांची माळ. पोराबाळांना आयुष्य मागायचा दिवस. मालकीणबाईंनी नाकाला पदर लावला आणि जिन्याकडं तोंड करून नवऱ्याला हाक मारली.

ते खाली आले. त्यांना सगळा मोहल्ला भैयासाहेब म्हणतो. मीही म्हणायचो. चपला घालूनच आत आले. समोर देवाचा कागद, खाली बायका बसलेल्या, आणि हे चपला घालून मधे उभे. त्यांनी कागदाच्या शेजारची काळी बुरशी नखानं खरवडली. बोट नाकाशी नेलं. मग तेच बोट माझ्या बायकोच्या तोंडासमोर धरलं.

"काकी, दीवार पर आटा चिपकाओगे तो फफूंद नहीं तो क्या गुलाब उगेंगे?"

बायका हसल्या. सगळ्या नाही हसल्या. पण हसल्या.

मग आपल्या बायकोला म्हणाले, "ऊपर चलो. यहाँ कुछ खाना-पीना मत."

माझी बायको हळदीकुंकवाचं तबक हातात धरून उभी होती. तिचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. ते तसंच राहिलं.

मी दारात होतो. चाळीस वर्षं भिंती उभ्या केलेला माणूस. ती बुरशी कुठून आली हे मला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. आणि मी म्हणालो, "हो भैयासाहेब. बघतो."

हे सगळं त्या एका 'हो'चं लिहितो आहे.

मी शिकलो तिसरीपर्यंत. तेव्हा देवासला मराठी शाळा होती. अक्षर माझं वाकडं आहे, पण मराठी आहे. आमचे पणजे इथं राजांबरोबर आले असं सगळेच सांगतात. आम्हीही आलो, पण राजांच्या घोड्यामागून, चुन्याची पाटी डोक्यावर घेऊन. आम्ही गवंडी. देवासला राज्यं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्हीकडच्या भिंती आमच्याच लोकांनी केल्या. राहायला मात्र आम्हाला भाड्याची खोली.

ज्या घरात मी भाड्यानं राहायचो, त्याच घराला माझ्या बापानं चुना लावला होता. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. दुपारी भाकरी अंगणात उकिडवं बसून खायची. पाणी वरून ओंजळीत. बाप पाणी पिऊन तोंड पुसायचा आणि म्हणायचा, "हो सरकार." कोणी काही विचारलेलं नसायचं. तरी म्हणायचा.

भैयासाहेब आमच्यासारखेच मराठी. पण त्यांची मराठी मोठ्या घरातली. गणपतीत मांडवात आरतीचं पुस्तक त्यांच्या हातात. काम असलं की मराठीत बोलायचे. काका, जरा नळाचं बघता का. काका, तुमच्या हाताला तोड नाही. अपमान करायचा असला की हिंदी. मराठीत मी काका, हिंदीत 'तुम लोग'. इतकी वर्षं हा फरक माझ्या कानावरून जात होता आणि मी हसत होतो.

आता भिंतीचं सांगतो.

त्या शुक्रवारच्या वर्षभर आधी त्यांनी वरच्या मजल्यावर नवं न्हाणीघर बांधलं. बरोबर आमच्या भिंतीच्या डोक्यावर. न्हाणीघराच्या फरशीचा उतार मोरीकडं पाहिजे. यांच्या माणसानं तो भिंतीकडं दिला. मी काम चालू असताना वर गेलो होतो. फरशीवर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. पाणी मोरीला पाठ करून भिंतीकडं निघालं. मी म्हणालो, भैयासाहेब, वरच्या न्हाणीघराचा उतार उलटा आहे. ते म्हणाले, आमच्या इंजीनियरला आता तुम्ही शिकवणार का. त्यांचा ठेकेदार म्हणाला, "भिया, चाचा को चाय पिला के नीचे भेजो." मी चहा पिऊन खाली आलो.

पहिल्या पावसाळ्यानंतर छताच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग दिसला. मग तो खाली उतरला. पोपडे सुटले. मग काळे ठिपके, मग ठिपक्यांचे गोळे, मग सगळी भिंत. कपाटातल्या लुगड्यांना वास. तांदळाला वास. उशीला वास.

दिवाळीच्या आधी भैयासाहेब डिस्टेंपरची बादली पाठवायचे. मी भिंत खरडायचो, घासायचो, वरून दोन हात द्यायचो. भिंत गोरीपान. ते यायचे, बघायचे, म्हणायचे, काका, जादू आहे तुमच्या हातात. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं. होळीपर्यंत रंगातून काळं परत वर यायचं. पुढच्या दिवाळीला परत बादली.

म्हणजे बघा. पाणी त्यांचं. झाकणारा हात माझा.

शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर बायको काथ्या आणि सोडा घेऊन भिंत घासत होती. अंगावर सगळी काळी भुकटी. त्या काळ्या भुकटीत खोकत होती. मी म्हणालो, राहू दे. ती थांबली नाही. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं,

"अहो, माझ्या खळीनं का हो झालं हे?"

मी म्हणालो, "असेल."

का म्हणालो ते मला तेव्हाच माहीत होतं. 'नाही' म्हणालो असतो, तर तिनं पुढचं विचारलं असतं. मग काल त्यांना का नाही सांगितलंत? तो प्रश्न मला नको होता. म्हणून मी माझी मान वाचवली आणि तिची दिली. एका शब्दात.

तिनं तो शब्द कोर्टाच्या निकालासारखा घेतला. परत कधी विचारलं नाही.

जिवतीचा कागद आमच्याकडं दर श्रावणात जुन्यावरच नवा चिकटवायचा. जुना ओढून काढायचा नाही. देवीच्या अंगावरचं वस्त्र ओढू नये म्हणून. ही तिच्या सासूची, म्हणजे माझ्या आईची रीत. आमची पहिली दोन मुलं गेली. तिसरा राहिला. तो राहिला तो जिवतीमुळं, असं ती धरून होती. मी कधी वाद घातला नाही. कागद इंदूरहून मागवायची, खळ स्वतः करायची, काठ दाबून दाबून बसवायची. या खोलीत अकरा श्रावण, अकरा कागद.

बारावा चिकटवला नाही. भैयासाहेबांनी सांगितलं होतं, हे काढा. काढवेना. म्हणून तिनं त्याच्यावर किराणावाल्यानं दिलेलं कॅलेंडर टांगलं. त्याच्यावर सिमेंटच्या पोत्याचं चित्र. श्रावणातल्या शुक्रवारी ती त्या सिमेंटच्या पोत्यासमोर हात जोडून उभी राहायची. सवाष्णी बोलावणं बंद. दूध आटवणं बंद. कोणी आलं की आधीच म्हणायची, बाहेर ओट्यावर बसू या, आत वास येतो.

आणि घासायची. दर दोन-चार दिवसांनी काथ्या घेऊन भिंतीला लागायची. जितकं घासेल तितकी भुकटी उडायची. तितकी छातीत जायची. मी गवंडी. मला कळायला पाहिजे होतं की कोरडी बुरशी घासू नये. कळत होतं. पण तिला थांबवायचं तर खरं सांगायला लागलं असतं.

दुसऱ्या हिवाळ्यात खोकला राहीना. दहा पावलं चालली की बसायची. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. छातीला नळी लावून त्यानं विचारलं, "घर में सीलन है क्या?"

घरात ओल आहे का, म्हणून. मी तोंड उघडायच्या आत ती बोलली.

"है डॉक्टर साहब. मेरी ही गलती से है."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी वजनाच्या काट्याकडं बघितलं.

घर बदला, म्हणाला डॉक्टर. मुलगा पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. त्याची एकच खोली. तो दर रविवारी म्हणायचा, बाबा, इकडं या. मी म्हणायचो, मी कोणाच्या दारात जाऊन पडणारा नाही. माझा हट्ट. लोक मला मानी म्हणतात. त्या मानाखाली काय होतं ते सांगतो. त्या शुक्रवारी भैयासाहेबांसमोर खरा शब्द उच्चारला नाही, आणि पोटच्या पोरासमोर मान ताठ. असला मान.

यंदा पौषात ती गेली. दवाखान्याच्या कागदावर दुसरं काहीतरी लिहिलं आहे. भिंतीचं नाव कोणी लिहीत नाही. मी भिंतीनं मारलं असंही म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. शेवटच्या दिवसांत एकदा तिनं हात हलवून जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी मागते आहे. ती म्हणाली, मी गेल्यावर तुम्ही ते कागद भिजवून हळू काढा, ओढू नका. आणि भैयासाहेबांना म्हणा, माझ्याकडून चूक झाली.

तेव्हाही मी तिला फक्त पाणी पाजलं.

चैत्रात एका रविवारी भैयासाहेब खाली आले. चपला बाहेर काढल्या. पेढ्यांचा पुडा आणि एक टाइप केलेला कागद. सगळं मराठीत बोलले. काकींची फार आठवण येते म्हणाले. मग हळूच सांगितलं की दोघा भावांत घराची वाटणी व्हायची आहे. धाकटा म्हणतो, खालची भिंत तुझ्या न्हाणीघरानं खाल्ली, ती बाजू तूच घे. तेव्हा काका, तुम्ही फक्त सही करून द्या. तुम्ही हयात असेपर्यंत खोली तुमची. कोणी उठवणार नाही. संध्याकाळी येतो, म्हणाले, आणि गेले.

त्या दिवशी सून आली होती, माझी कपडे-भांडी आवरायला. मुलाची ड्यूटी होती. सुनेचं शिक्षण सगळं हिंदीत. मराठी बोलते, पण मधेच गाडी हिंदीवर जाते. वाचायला तर मराठी येतच नाही. एक शब्द मात्र सासूनं तिच्याकडून घोटवून घेतला होता. मला ती 'मामंजी' म्हणते. आजकाल महाराष्ट्रातही कोणी म्हणत नसेल.

मला टाइपाची हिंदी झरझर वाचता येत नाही. म्हणालो, वाच.

ती वाचायला लागली. "किरायेदार के परिवार द्वारा दीवार पर आटे की लेई चिपकाने एवं अस्वच्छ रहन-सहन के कारण..." इथं ती अडखळली.

"मामंजी, राहू द्या ना हे."

"वाच."

तिनं पूर्ण वाचलं. अस्वच्छ. ही बाई अंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावत नसे. कागद माझ्या मांडीवर होता. सही केली तर मरेपर्यंत छप्पर होतं. नाही केली तर या वयात ट्रंक उचलायची. मी पेन मागितलं. हो, मागितलं. लपवत नाही.

पेन शोधता शोधता सुनेनं सहज विचारलं, "मामंजी, आई खळ खळ म्हणायच्या, ते लेईच ना? कशी बनवायच्या?"

मी सांगायला लागलो. मूठभर मैदा घ्यायचा. गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही. मग उकळत्या पाण्यात सोडायचा आणि ढवळत राहायचं. चकाकी आली की खाली उतरवायचं. आणि मग त्यात चिमूटभर मोरचूद...

इथं मी थांबलो.

"मोरचूद म्हणजे?"

"नीला थोथा."

"वो तो जहर रहता है, मामंजी."

"जहरच," मी म्हणालो. "कसरीला जहर. बुरशीला जहर."

लग्नानंतर पहिल्या खोलीत जिवतीचा कागद कसरीनं खाल्ला होता, तेव्हा मीच तिला शिकवलं होतं. आम्ही चुन्यात टाकायचो, तसं खळीत टाक. तिनं ते आयुष्यभर पाळलं. तंबाखूच्या जुन्या पत्र्याच्या डबीत मोरचूद ठेवायची, स्वयंपाकापासून लांब, फळीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात. मी स्टूल घेतलं. सून नको नको म्हणत होती. डबी तिथंच होती. आत निळे खडे.

मग मी कॅलेंडर काढलं. फडकं भिजवून कागदावर धरलं. ओढलं नाही. तिनं सांगितलं होतं तसं, हळू. बराच वेळ लागला. एका कोपऱ्यानं सुटायला लागलं. अकरा श्रावण पुठ्ठ्यासारखे एकत्र हातात आले.

मागं भिंत स्वच्छ होती.

हातभर रुंद, दीड हात लांब. कडा ओळंबा लावल्यासारख्या सरळ. किंचित निळसर झाक, बाकी जशी होती तशी. चारी बाजूंनी काळं, आणि मधे हा एवढा तुकडा साफ. मी तळवा ठेवला. भिंत ओली होती. वरचं पाणी तिथंही पोचलं होतं. पण बुरशी नव्हती. एक ठिपका नव्हता.

सून म्हणाली, "इथं तर काहीच नाही."

मी खाली बसलो. चाळीस वर्षं भिंती केल्या. मैदा-मोरचूदाची खळ मीच शिकवली. आणि तीन वर्षांत एकदाही हे सुचलं नाही? सुचलं नाही, की सुचू दिलं नाही? तिला तो तुकडा दाखवायला एक ओलं फडकं पुरलं असतं. एवढंच. एक फडकं आणि जरा हिंमत. ती भिंत घासायची थांबली असती.

रडलो की नाही ते लिहीत नाही.

संध्याकाळी भैयासाहेब आले. मी भिंतीकडं बोट केलं. त्यांनी बघितलं. त्यांना कळलं. लहान पोर नव्हते ते, बांधकाम करून घेतलेला माणूस. तोंडावरून कळतं.

"काका, इससे क्या साबित होता है?"

बघा, हिंदी आली.

"माझ्या बायकोची खळ चांगली होती, हे साबित होतं."

ते म्हणाले, काकींना वाईट कोण म्हणालं, काकी तर देवी होत्या. हे नुसतं कागदापुरतं आहे. मी म्हणालो, देवी होती तर तुमच्या बाईंनी तिचं दूध खाली का ठेवलं? त्यांना तो शुक्रवार आठवतच नव्हता. खरंच आठवत नव्हता. तिनं तो मरेपर्यंत छातीत वागवला, आणि यांच्या लक्षातही नाही.

मग ते सरळ झाले. "साइन नहीं करना तो पंद्रह दिन में कमरा खाली कर दो."

"करतो."

मी त्यांचा कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं. वरच्या न्हाणीघराचा उतार उलटा आहे. भिंत त्या पाण्यानं गेली. माझ्या बायकोच्या खळीनं नाही. खाली पूर्ण नाव लिहून सही केली, आणि कागद त्यांच्या हातात दिला.

ते बघून हसले. "मराठी में लिखा है. कौन पढ़ेगा?"

"तुम्ही वाचाल," मी म्हणालो. "गणपतीत पुस्तक तुमच्याच हातात असतं."

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातला. चपला घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला. जाता जाता जिन्यावरून म्हणाले, रीतीप्रमाणे पुताई करून खोली सोडा. खोली सोडताना किरायेदारानं भिंती रंगवून द्यायच्या, अशी आमच्याकडं रीत आहे. मी जन्मभर पाळली. या वेळी नाही पाळली. जाताना त्यांच्या धाकट्या भावाच्या दारात उभा राहिलो आणि जे कागदावर लिहिलं तेच त्याला तोंडानं सांगितलं. तो म्हणाला, वकिलासमोर सांगाल? म्हणालो, बोलाव.

आता मी पीथमपूरला मुलाच्या एका खोलीत आहे. पहाटे शिफ्टची बस भोंगा वाजवते, मी उठतो. जिवतीचे कागद विसर्जन करायचे असतात. मी केले नाहीत. माझ्या ट्रंकेत आहेत, शेजारी ती डबी. श्रावण आला की सून खळ करील. तिला प्रमाण सांगितलं आहे.

पण जिला सांगायचं होतं तिला सांगायचं राहिलं. ती चूक आपली समजून गेली. हे मी कितीही लिहिलं तरी ते तसंच राहणार, आणि ते माझ्यावर आहे, भैयासाहेबांवर नाही.

'असेल' हा शब्द मी टाकला. कोणी विचारलं तर 'आहे' म्हणीन, नाहीतर 'नाही' म्हणीन. ज्या भिंतीत पाणी आहे तिच्यावर कुंचला फिरवणार नाही, सांगणारा कोणीही असो. वकील विचारो, मोहल्ला विचारो, कोणी न विचारो. मी सांगत राहणार.

वरच्या न्हाणीघराचा उतार उलटा आहे.